तेरावी पिशवी

भट्ट्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आणि तेवढ्या काळात माझ्याकडची एकही पिशवी इकडची तिकडे झाली नाही! हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

पिशव्या साध्या नव्हत्या हो. भट्टीला आतून सिरॅमिक फायबरचं अस्तर असतं, दिसायला अगदी पिंजलेला कापूस. पण जुनं झालं की त्याची धूळ छातीत जाऊन बसते. म्हणून ते मास्क लावून काढायचं, भिजवायचं, जाड लाल पिशवीत बांधायचं, वर ‘धोकादायक’ अशी चिठ्ठी लावायची आणि सहा प्रतींच्या फॉर्मसकट, ठरलेल्याच गाडीतून, ठरलेल्याच जागी पुरायला पाठवायचं.

त्या कोऱ्या पिशव्या इतक्या दणकट, की एक मी घरी नेली होती. (एकच!) सासूबाईंनी तिच्यात आपली रजई भरली. गेलेल्या मामंजींच्या पांढऱ्या सदऱ्यांची, स्वतः शिवलेली. तिच्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. कड उसवली होती, ती आमच्या कारखान्यातल्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून आणायचं ठरलं. ह्यांनी सकाळी ती पिशवी स्टोअरच्या दारात ठेवली आणि मला न सांगताच पसार!

नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आलेले. फॉर्मवर बारा पिशव्या, समोर तेरा!

“बाई, एक जास्त आहे.”

“जास्त नाही साहेब, लिहिणाऱ्यानं कमी लिहिली!” मी सहाही प्रतींवर तेरा केले. मग तेरावी उचलून पाहिली, तर पिसासारखी हलकी! “ही कोरडीच बांधली? ओता पाणी!”

मुकादमानं पिशवीचं तोंड जरासं उघडलं. “बाई, आत कापडासारखं दिसतंय.”

“वाफ धरलीय तुमच्या चष्म्यावर. ओता!”

दोन बादल्या ओतल्या. चिठ्ठी मी स्वतः चिकटवली. साहेब म्हणाले, “तुमच्यासारखी माणसं हवीत!” मी दिवसभर हवेत.

घरात पाय ठेवते तोच सासूबाई, “शिवली का गं?”

“काय?”

“अगं, तुझ्या दारात ठेवली होती की,” हे म्हणाले, “लाल पिशवीत!”

मी धावत जाऊन त्या ठरलेल्या जागी फोन लावला. नशीब, गाडीतला माल अजून उतरवला नव्हता!

“तेरावी पिशवी परत हवी होती.”

“धोकादायक माल परत जात नसतो, बाई.”

“तो धोकादायक नाही हो, माझ्या सासूबाईंचा आहे!”

“मग तर फॉर्म भराच.”

दोन रात्री सासूबाई टक्क जाग्या, आणि त्यांच्यामुळे अख्खं घर. तिसऱ्या दिवशी गाडी दारात! मास्क, हातमोजे घातलेला ड्रायव्हर, पिशवी आणि सहा प्रती. मालाचा प्रकार: रजई, ओली. परतीचं कारण: म्हातारीला झोप येत नाही.

सासूबाईंनी ऐटीत सहा सह्या ठोकल्या. “माझ्या लग्नातसुद्धा एवढे कागद नव्हते गं!” मग रजई वाळवली, आणि पिशवीवरची चिठ्ठी सोडवून रजईच्या कोपऱ्यावर टाचली. “आता हिला कुणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच!”

ती रजई हल्ली मी पांघरते. चिठ्ठी पाहून सून दोन हात लांबूनच चहा ठेवते.

आणि हो, पिशवी इकडची तिकडे झाली नाही म्हणाले, ते खोटं नाही हं! पिशवी अगदी ठरलेल्या जागीच गेली होती. आत काय होतं, ते तुम्ही कुठं विचारलंत?