शंभराने भागलेलं मीठ

"अहो, सूपमध्ये दोन चमचे मीठ घाला की झालं!" प्लास्टरमधला हात सांभाळत बायकोने बाहेरून ओरडून सांगितलं आणि स्वयंपाकघरात साहेब विचारात पडले.

साहेब सरकारच्या अन्नसुरक्षा खात्यात होते. खाण्यातलं कुठलं रसायन किती पोटात गेलेलं चालेल, हे ते ठरवत. रीत सोपी होती. ऑफिसच्या प्रयोगशाळेत रोज जेवढं खाऊन उंदराला काही होत नाही तेवढं घ्यायचं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे म्हणून दहाने भागायचं. सगळी माणसं सारखी नसतात म्हणून पुन्हा दहाने. या भागाकाराच्या जिवावर देश बिनघोर जेवत होता.

आज मात्र साहेबच पणाला लागले होते. लेकीचा हात मोडल्यावर आठवड्यासाठी आलेल्या सासूबाई आता महिनाभर राहायचं म्हणत होत्या. टीव्हीचा रिमोट गेलाच होता, खिडकीजवळची आरामखुर्चीही गेली. "घर मी सांभाळतो, तुम्ही खुशाल निघा," असं साहेब छाती पुढे काढून बोलून बसले.

"आज करून दाखवा, जावईबापू. जमलं तर उद्याची गाडी पकडते."

साहेबांनी पदर खोचला. म्हणजे टाय खिशात खोचला. बटाट्यावर हिरवट छटा दिसली, बटाटा केरात गेला. फवारणीचा संशय आला म्हणून गाजर सोलत सुटले, ते पेन्सिलीएवढं उरलं. पाव करपला तर नको ते तयार होतं, म्हणून त्याला नुसतं तव्याचं दर्शन घडवलं. राहिलं मीठ. सासूबाईंचं ब्लडप्रेशर आठवलं आणि साहेबांनी दोन चमच्यांना सवयीने शंभराने भागलं.

टेबलावर सासूबाईंनी एक घोट घेतला. मग खात्री करायला दुसरा.

"बाई गं! सूप आहे की पातेलं विसळलंय?"

"यात अपायकारक काहीही आढळणार नाही," साहेब ठामपणे म्हणाले.

"सूपही आढळत नाहीये," बायको म्हणाली.

साहेबांनी घसा खाकरला. "मग... उद्याची गाडी?"

"छे! एका जेवणावर निकाल कसा देऊ? घाईघाईच्या तपासणीत काही कळत नाही, असं तुम्हीच आल्यागेल्याला सांगता ना? महिनाभर राहते. तुम्ही रोज रांधा, मी लक्ष ठेवते."

"पण हे रोज खाणार कोण?"

सासूबाईंनी आपला वाडगा अलगद त्यांच्यापुढे सरकवला.

"तुमच्या ऑफिसात कोण खातं?"