स्टॅनलीची तयारी

टक्. वाडग्याच्या कडेवर अंडं फुटलं आणि मिठबावच्या त्या घरातली दुपारची सामसूम मोडली. डेलिशाने जीभ चावली. आतल्या खोलीत छोटा मुलगा ॲरोन झोपला होता, आणि त्याहून अवघड म्हणजे नवरा जागा होता.

स्टॅनली आलाच. विमान चालवणारा माणूस. सुट्टीत जमिनीवर त्याला करमत नसे. ढगात बाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा नुसत्या काट्यांकडे बघून विमान कसं चालवायचं, हे त्याला येत होतं. आता ते दुसऱ्यांना शिकवायची हौस आली होती. त्यासाठीच्या परीक्षेला तयार आहात का, हे फ्लाइंग स्कूलचे सर आज फोन करून विचारणार होते. स्टॅनलीला काडीची शंका नव्हती. शंका येण्याइतकी अक्कल अजून आली नव्हती.

"आज तू माझी स्टुडंट," तो म्हणाला. "केक नाकान नाय, काट्यार भाजूचो."

"रे, लदिनीचो केक तो! सांजेक प्रार्थनेक सगळी वाडी खुरसाकडे येतली. माका पयल्यांदाच करूक दिलो हा. दुसऱ्या कशार शिकव."

ऐकतो कोण? त्याने हापूसच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि दोरीने तिच्या कपाळावर बांधला. शिकाऊ वैमानिकाला म्हणे असंच झापड लावतात. केक ओव्हनमध्ये गेला. डेलिशाला ओव्हनच्या दारावरच्या गोल तबकडीतला काटा तेवढा दिसत होता. घाण्याच्या बैलाला याहून जास्त दिसतं.

"काटो किती?"

"एकशेचाळीस."

"एकशेऐंशी होयो. बटन फिरव. हळू! नको, सोड, मीच फिरवतंय."

दर वेळी बटण तो तिच्या हातातून काढून घेई, आणि दर वेळी ती स्वतः काही शिकत नाही म्हणून ओरडे.

काटा हलेना. स्टॅनलीने आच वाढवली. काटा तिथेच. त्याने आणखी वाढवली.

"स्टॅनली, करपल्याचो वास येता."

"हेच ता! ढगात शरीर फसवता. नाक फसवता. काटो फसवणा नाय."

"माझ्या डोळ्यांतसून पाणी येता रे!"

"डोळेय फसवतत."

ओटीवरून सासू सिसिलिया खोकत आली. "गो, काय जाळतास?"

"केक, मम्मी."

"दार उघड मगे!"

"काटो एकशेचाळीस आसा," धुरातून स्टॅनली म्हणाला. "कच्चोच आसतलो."

सिसिलियाने प्लगच उपटला. आतून जे निघालं त्याला कोळसा म्हटलं तर कोळशाला राग यावा. ओव्हन निवला. केक निवला. काटा एकशेचाळीसवरच होता.

डेलिशाने झापड काढलं. "विमानात एकच काटो आसता रे?"

"नाय. एकाचा खरा वाटला नाय, तर दुसऱ्याशी ताडून बघूचा. पयलो धडोच तो."

"मगे?"

तेवढ्यात फोन वाजला. स्टॅनलीने चेहऱ्यावरची काजळी पुसली आणि भाषा शुद्ध केली.

"येस सर. अगदी तयार आहे. आजच एक सरावाचा पाठ घेतला. विद्यार्थिनी जरा कच्ची होती, पण मी सांभाळून घेतलं."

त्याच्या पुढच्या विद्यार्थ्यांसाठी सिसिलियाने कपाळावर क्रूस काढला.

ॲरोन डोळे चोळत आला. त्याने केक बघितला, फोनवर 'अगदी तयार' म्हणत हसणारा बाप बघितला. ओट्यावर केक तपासायला ठेवलेली काडी उचलली.

"मम्मी, केक तयार झालो काय नाय, ता काडी टोचून कळता ना?"

"होय रे, पुता."

"मगे पप्पाक खंय टोचूची?"