यल्लम्मांच्या तोंडातले जंतू

दुबलगुंडीच्या अलीकडच्या एका गावात यंदा जत्रेच्या दासोहासाठी जंतुमुक्त तोंडाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. दासोह म्हणजे येईल त्याला जेवण; त्यात काही बदल नव्हता. येणाऱ्यानं फक्त एकवीस दिवस, रोज तीनदा, जत्रा समितीनं दिलेल्या निळ्या औषधानं चुळा भरायच्या होत्या.

गावात एकच अर्ज नामंजूर झाला. सत्तरीच्या यल्लम्मा बाभळीच्या काडीनं दात घासत. दासोहाच्या हुग्गीचा, म्हणजे गूळ घातलेल्या खिरीचा, गहू चाळीस वर्षं त्याच उखळात सडत आल्या होत्या.

"अक्का, एक चूळ भरायला काय जातंय?" समितीचे सचिव संगमेश्वर म्हणाले.

"भरली की एकदा. जीभ बधिर झाली रे त्यानं. गुळाची गोडी कळंना."

"गोडी प्रमाणपत्राच्या कक्षेत येत न्हाई."

जत्रेच्या पहिल्या दिवशी प्रमाणपत्रधारक तीनशे जण जेवले आणि तीनशेंची पोटं फुगली. दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याहून डॉक्टर नेत्रावती आल्या. तोंडं तपासून म्हणाल्या, "पचनाला मदत करणारे चांगले जंतूही मारलेत तुम्ही. चुळा थांबवा."

चुळा थांबवल्या तर प्रमाणपत्रं रद्द होणार होती. त्यामुळे समितीनं मधला मार्ग काढला: चुळा चालू ठेवायच्या आणि जंतू बाहेरून आणायचे. गावात ते एकाच तोंडात शिल्लक होते.

संगमेश्वर स्वतः बाटली घेऊन गेले. "अक्का, यात जरा थुंका."

"कामून?"

"तुमचे जंतू वाढवून सगळ्यांना द्यायचेत. गावाचं पोट तुमच्या हातात हाय."

"देते की. उद्या शेवटची पंगत. मला बसू द्या."

"तेवढं सोडून बोला. तुमच्या तोंडात जंतू हायेत."

"माझं उष्टं तुमच्या पोटात चालतंय, अन् मी शेजारी चालत न्हाई व्हय रे, संगू?"

संगमेश्वरांनी हरकत नोंदवून घेतली. दासोहात मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, म्हणून यल्लम्मांनी बाटली भरून दिली.

तिसऱ्या दिवशी पंगतीतच ठराव वाचला गेला. यल्लम्मांची लाळ आभारपूर्वक स्वीकारावी. यल्लम्मांना मंडपाबाहेर ठेवावं. विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत.

तीनशे जणांनी आपापल्या पत्रावळीकडे पाहिलं. हात एकही वर गेला नाही. वाचकहो, तुमचाही गेला नसता. तुम्ही त्याच ओळीत बसला होतात, आणि वाढपी तुमच्या हुग्गीवर तूप सोडत होता.