शेंदरापासून वाचवलेली स्कूटर

रविवारचं प्रवचन शरच्चंद्र साळव्याचं होतं आणि विषय होता मूर्तिपूजा. हावड्यातली मराठी मंडळी म्हणजे सगळी मिळून सतरा घरं, उपासनेची जागासुद्धा दुसऱ्यांच्या चर्चमधली, दुपारपुरती मागून घेतलेली. तिथं नववी नापास फिटरला पहिल्यांदाच बोलायला उभं करायचं, म्हणून पाळक श्यामकांत रणपिसे शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन सगळं ऐकून घेणार होते. जमलं तर रविवार साळव्याचा. नाही जमलं तर पाळकसाहेब स्वतः बोलणार, आणि साळव्यानं नेहमीसारखं सतरंज्या घालायच्या.

पण शुक्रवार नेमका विश्वकर्मा पूजेचा निघाला. त्या दिवशी अख्खं हावडा यंत्राच्या पाया पडतं. लेथ म्हणू नका, रिक्षा म्हणू नका, जे फिरतं त्याला हार आणि शेंदूर. साळव्याची स्कूटर महिन्यापूर्वी आलेली, सहा वर्षं नंबर लावून. रंग आकाशी. बायबल मांडीवर घेऊन तो बसला होता खरा, पण गल्लीत पूजेचा ढाक-ढोल वाजला की उठून खिडकीत जात होता.

"प्रेमा, शेंदूर घेऊन निघाले वाटतं."

"निघू द्या की. तुम्ही ‘मूर्ती करू नको’ या दुसऱ्या आज्ञेच्या पुढं सरका. सकाळपासून तिथंच अडकलाय."

"अगं, तेलातला शेंदूर असतो. एकदा रंगावर बसला की जात नाही."

"म्हणजे काळजी आज्ञेची का रंगाची?"

"आज्ञेचीच!" साळवे ओरडला आणि परत खिडकीत गेला.

शेवटी त्याला राहवलं नाही. पायरीला फळी लावून, घाम गाळून त्यानं स्कूटर घरातच घेतली. खोली केवढी, तर दोन खाटांची. टेबल व्हरांड्यात गेलं. चाकांना फरशीचं पाणी लागू नये म्हणून खाली चटई आली. पाळकसाहेबांसाठी आणलेला निशिगंध टेबलावर ठेवायचा, तर टेबल नाही. म्हणून फुलदाणी सीटवर बसली.

"चपला बाहेर काढ, प्रेमा! चिखल उडेल."

"काढते बाबा, काढते. गाडी आली का जावई आला?"

तेवढ्यात लाइट गेली. प्रेमलतानं दोन मेणबत्त्या लावल्या. पेट्रोलच्या जवळ नकोत म्हणून स्टुलावर, समोर, जरा अंतर राखून ठेवल्या. साळव्याला वाटलं, टाकी गळतीय का काय. तो गुडघ्यावर बसला, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि चटईपर्यंत डोकं खाली नेऊन वास घेऊ लागला.

दार उघडंच होतं. शेजारच्या हाजरा काकीमा प्रसादाची ताटली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"ओ मा! तोमरा तो घरेई पूजो कोरछो!"

घरातच पूजा मांडलीय म्हणून बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी जीभ हलवून अशी खणखणीत पूजेची उलू दिली, की समोरच्या छपरावरचे पतंगवालेसुद्धा वाकून बघायला लागले. उलू संपली आणि त्यांच्या मागून आवाज आला.

"सलाम, साळवे. तयारी जोरात दिसतीय."

पाळकसाहेबांनी बूट दाराबाहेर काढले होते. बाकीच्या चपला बघून.

साळवे उठायला गेला, हँडल डोक्यात बसलं. "साहेब, तसं नाही हो! मी हिला मूर्तिपूजेपासून वाचवत होतो!"

"ती वाचली. तुम्हाला कुणी वाचवायचं?"

काकीमा ताटली ठेवून हात जोडून गेल्या. पाळकसाहेब खाटेवर बसले, निशिगंधाकडं बघितलं, मेणबत्त्यांकडं बघितलं आणि हात पुढं केला. "चावी द्या."

"तुम्हाला चालवता येते?"

"नाही."

"मग?"

"रविवारपर्यंत माझ्याकडं राहील. ती नसताना काय होतं तुम्हाला, तेवढंच मंडळीला सांगा. पुस्तकातलं काही नको."

साळव्यानं चावी पुढं केली, पण मूठ काही उघडेना. प्रेमलतानं एकेक बोट सोडवलं तेव्हा कुठं ती सुटली.

दोन दिवस तो घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिला. रविवारी बसला लोंबकळत चर्चला गेला आणि उभा राहून झालं तसं सगळं सांगितलं. शेंदूर, चटई, न उघडणारी मूठ, अगदी उलूसुद्धा स्वतःच्या तोंडानं देऊन दाखवली. आधी मंडळी पोट धरून हसली. मग एकेकाला आपापलं घर आठवलं. पुढं बसलेल्या लीनाबाईंचा हात कमरेच्या चावीवर गेला, कारण त्यांच्या नव्या फ्रिजला कुलूप होतं. गुरुदत्त गुरुजी मांडीवरच्या ट्रान्झिस्टरवर रुमाल टाकायला लागले.

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. ते उठले, साळव्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांच्या देखत चावी त्याच्या हातावर ठेवली.

साळव्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. आणि त्याला कळायच्या आत ती उजव्या डोळ्याला लावली, डाव्या डोळ्याला लावली, मग कपाळाला.

पाळकसाहेबांनी चावीकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं.

"साळवे," पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या रविवारीही तुम्हीच बोला. विषय हाच."