बाबांचा न हुकणारा शर्ट

"दुकानातलं काडतूस म्हणजे खानावळीचं जेवण," वर्लिन हाक्स्मा आपल्या मेहुण्याला, डेलमरला, जूनपासून ऐकवत होता. "माझं घरचं आहे."

घरचंच होतं म्हणा. आयोवातला सगळा उन्हाळा त्याने तळघरात काढला. शिसं वितळवून गोळ्या ओतल्या, एकेक तराजूवर तोलली, केसभर जड निघाली ती परत वितळायला टाकली. बंदुकीची दारू मोजताना तो श्वाससुद्धा रोखून धरायचा. बायको म्हणाली, "लग्नाची अंगठी घेताना इतकं पारखलं नव्हतंस."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, हरणांचा हंगाम सुरू होण्याआधी, दोघे नेम तपासायला डेलमरच्या कापलेल्या मक्याच्या शेतात उतरले. दोन्ही घरांचा नियम जुना होता. तीन गोळ्यांत आपल्या कागदाला एकही भोक पडलं नाही, तर अंगातल्या शर्टाची मागची शेपटी कापून गोठ्याच्या भिंतीवर ठोकायची. डेलमरच्या तिथे सहा होत्या. वर्लिनच्या बाबांची एकही नव्हती, आणि हे ते दर सणाला जेवताना सांगत. बाबा वसंतात गेले. त्यांचा लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट आईने आज पहिल्यांदाच काढून दिला, आणि वर्लिनने तो अंधारातच घाईघाईने घालून आत खोचला. या शर्टाला कात्री लागली असती, तर त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं.

त्याने बंदुकीवरच्या दुर्बिणीची ताकद पार शेवटपर्यंत फिरवली. कागदावरची सुरकुतीही दिसू लागली. तीन बार झाले. मग डेलमरचे तीन झाले. बंदुका रिकाम्या करून दोघे शंभर यार्ड चालत गेले.

वर्लिनचा कागद कोरा होता.

"दाजी, घरचं जेवण सांडलं कुठे?" डेलमरने विचारलं.

तेवढ्यात वर्लिनचं लक्ष शेजारच्या, डेलमरच्या कागदाकडे गेलं. तिथे सहा भोकं होती. तीन मोठी, कुठल्या कुठे पडलेली. तीन लहान, एका बिस्किटाखाली झाकतील इतकी जवळ.

"लहान भोकं माझी. तुझ्या बंदुकीची गोळी जाड आहे," वर्लिन म्हणाला. इतक्या ताकदीवर दुर्बिणीत एकच कागद मावत होता, आणि तो मेहुण्याचा निघाला होता. तरी त्याचा जीव भांड्यात पडला. गोळ्या सोन्यासारख्या होत्या.

"गोळ्या तुमच्या, पण कागद माझा," डेलमरने कात्री काढली. "वळा."

"डेलमर, बाबांचा शर्ट आहे रे हा. माझा उद्या काप, दोन काप."

"नियम म्हणजे नियम."

गाडीत कॉफीचा थर्मास धरून बसलेली वर्लिनची आई खाली उतरली. "डेलमर, काही मिळायचं नाही तुला."

डेलमरने शर्ट ओढून बाहेर काढला. शेपटी नव्हतीच. कड सरळ कापलेली आणि बारीक टाक्यांनी दुमडून शिवलेली होती.

"अठ्ठ्याहत्तर साली त्यांचीही कापली गेली," आई म्हणाली. "भिंतीवरून मीच उतरवली. तुझ्या गोधडीत आहे ती, वर्लिन. आणि डेलमर, तुझ्या वडिलांचं तोंड मी अ‍ॅपल पाय खाऊ घालून बंद ठेवलं. बारा वर्षं."

वर्लिनला आठवलं, बाबा जुलैच्या उन्हात गवत भरतानाही शर्ट आतच खोचलेला ठेवत. आजवर तो त्याला शिस्त समजत होता.

डेलमरने कात्री खिशात टाकली. आईने हॅम सँडविच काढले. वर्लिन पोटभर जेवला, पण त्याआधी त्याने शर्ट चांगला खोलवर आत खोचला.