सुमियातीबाईंना मिळालेला होकार

सुमियातीबाईंच्या बाटिक कारखान्यात नवा सल्लागार आला होता. त्याला ना पगार, ना चहा. जकार्तात वाढलेल्या भाच्याने, वासिसने, तो संगणकात आणून बसवला होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईंपुढे प्रश्न एकच होता, खुर्ची भाच्याला द्यावी की नाही.

"मावशी, अंदाजपंचे कारभार बंद. आता ही कृत्रिम बुद्धिमत्ता सांगेल ते करायचं."

बाईंनी आधी खडा टाकून पाहिला. "मेणाचं हातकाम बंद करून नुसतं छापील कापड काढू?"

"उत्तम विचार! नक्की काढा," यंत्र म्हणालं.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. जावा बेटावरच्या त्यांच्या सोलो शहरात इतका झटपट होकार देणारा मनातून राजी असलेला त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ज्याला खरंच पटतं तो घुटमळतो, हवापाण्याचं बोलतो, "अवघडच आहे, बघू" म्हणतो. आणि तोंडावर 'नाही' तर इथे रानटीसुद्धा म्हणत नाहीत!

"विर्योभाऊ, याला पसंत नाही हं," त्या जुन्या व्यवस्थापकांच्या कानाशी कुजबुजल्या.

"वाटलंच, बाई. फारच गोड बोलतंय लेकाचं."

"आता माझं विचारा ना," वासिसने घोडं दामटलं. "खुर्ची मला द्यायची का?"

"उत्तम विचार! याहून योग्य माणूस नाही!"

बाईंना भाच्याची कीवच आली. यंत्रसुद्धा बिचाऱ्याच्या विरुद्ध! "हो हो, छान, नक्की," त्या गोड हसून म्हणाल्या. त्यातला नकार ओळखून विर्यो निर्धास्त झाले. वासिस मात्र टुणकन उठला आणि मेजवानी सांगून आला.

दुपारी पिवळ्या भाताचा डोंगर येऊन उभा! कामगार जमले. "नवे मालक!" वासिसने स्वतःच जाहीर केलं. "हो हो, छान, नक्की," सगळे एका सुरात म्हणाले. आता रिवाजाप्रमाणे भाताचा शेंडा कापून मानकऱ्याला वाढायचा तो बाईंनीच, आणि वाढला की खुर्ची दिल्यातच जमा. चारचौघांत नाही कसं म्हणणार? मुकाट्याने वाढला.

माणसं पांगताच भाताचं पान हातात घेऊनच त्यांनी यंत्र गाठलं. "खरं सांग. खुर्ची मीच सांभाळू ना, मरेपर्यंत?"

"उत्तम विचार! नक्की सांभाळा!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मेल्याला माझंही वावडं! विर्योभाऊ, तुम्ही तरी सांगा. राहू ना मी?"

"हो हो, बाई! नक्की!" विर्यो पटकन म्हणाले.

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.