किसन पहारेकऱ्याचं दालन

आमच्या शेजारच्या किसनच्या संग्रहालयात वस्तूला हात न लावणाऱ्याला ओरडा बसतो. कोणी पाठीमागे हात बांधून उभा राहिला की किसन त्याच्याजवळ जातो आणि म्हणतो, "लावा हात. चावत नाय." तरी माणूस बिचकला तर त्याचा हात धरून घिरटाच्या खुंट्यावर नेऊन ठेवतो. घिरट म्हणजे भात भरडायचं जातं. आमच्या लहानपणी घरोघर होतं, आता किसनकडेच आहे.

किसन तीसेक वर्षं मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात पहारेकरी होता. तिथे त्याला एकच वाक्य बोलायचं काम होतं, हात लावू नका. तो म्हणतो, "हजारो लोकांचे हात मी मागं केले रे गोमा. बायाबापड्यांचे, पोराटोरांचे. आता तेवढे परत पुढं करायचेत."

गोमा म्हणजे मी. चौथीपर्यंत शिकलो, म्हणून सजवून लिहिता येत नाही. जे झालं ते सांगतो.

मुरबाडवरून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. किसन रिटायर होऊन आला तेव्हा त्याचा गोठा रिकामाच होता. त्याने तो झाडला, भिंतीला चुना मारला आणि दारावर लिहिलं, दालन क्रमांक एक. वरचा माळा दालन क्रमांक दोन. माळ्याची शिडी डुगडुगते, म्हणून तिच्याखाली पाटी आहे, फक्त तज्ज्ञांसाठी. आजवर त्या दालनात मांजर सोडून कोणी गेलेलं मी पाहिलं नाही.

वस्तू त्याने घराघरातून मागून आणल्या. पावसात डोक्यावरून घ्यायचं इरलं, बांबूची कणगी, शिंकाळं, कोयते, कुऱ्हाडी. एक लाकडी नांगर त्याने शहापूरच्या भंगारवाल्याकडून सोडवला आणि दोन एसट्या बदलून घरी आणला. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हे सामान टपावर टाका." किसन म्हणाला, "सामान नाय, वस्तू हाय." सगळ्या रस्त्याने तो नांगराला धरून उभा राहिला. नांगर मात्र सीटवर बसून आला.

आता हात लावा म्हटल्यावर आमची माणसं नुसता हात लावून थांबतात का. कुऱ्हाड कोणी लाकडं फोडायला नेली, कोयता कोणी बांधावर नेला. किसन रागावला नाही. त्याने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करून ठेवल्या. वस्तू जागेवर नसली की तिथे चिठ्ठी टांगतो, 'कामावर गेली आहे. संध्याकाळी येईल.' भाताच्या कापणीला गेलात तर दालनात नुसत्या चिठ्ठ्याच बघायला मिळतील.

बाकी सगळं मुंबईच्या कायद्याने चालतं. अंगात पितळी बटणांचा खाकी शर्ट. दारात पिशवी ठेवून घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायचा. पाचला बैलाची घंटा वाजवायची. आणि सोमवारी बंद. एकदा मोटारीतून चार माणसं आली, नेमकी सोमवारी. किसन दारातच उभा.

"आज बंद हाय."

"तुम्ही कोण?"

"पहारेकरी."

"मग मालकांना विचारा ना जरा."

"मालक मीच हाय. पण आज सुट्टीवर हाय."

माणसं हसत गेली. त्याला ती का हसली ते कळलं नाही. मला म्हणाला, "शिकलेली माणसं, पण दार बंद दिसत असून विचारतात."

त्याचा खरा जीव फळ्यावर. फाट्यावरच्या एसटी थांब्याला त्याने काळा रंगवलेला पत्रा लावलाय. वर लिहिलंय, येणारे कार्यक्रम. खाली खडूने दर महिन्याला नवीन. 'इरलं विणून दाखवणे. काळूबाई. वेळ: तिला सवड होईल तेव्हा.' 'भात भरडणे. येताना भात आणावे.' त्या भरडण्याला सात बाया आल्या, आपापलं भात भरडून घेऊन गेल्या, किसनकडे बघितलंही नाही. त्याने वहीत लिहिलं, प्रेक्षक नऊ. मी म्हटलं, सात होत्या. म्हणाला, "दोन बकऱ्या पण आल्या होत्या. शेवटपर्यंत थांबल्या."

माझी बायको जनी त्याच्या दालनाची जमीन सारवून द्यायची. मी चिडायचो, आपलं सोडून लोकांचं कशाला. ती म्हणायची, "किसनभावजींच्या गोठ्याला पहिल्यांदाच माणसाचा वास येतोय. येऊ द्या की."

जनी मागच्या उन्हाळ्यात गेली. जायच्या आधी पंधरा दिवस तिने आमच्या पडवीची जमीन नवी केली होती. लाल माती आणली, शेण घातलं, चोपलं, आणि वरून ओल्या हाताने सारवण. पहिला थर जाड असतो, त्यात बोटांच्या कमानी खोल उठतात. सारवण महिन्याभरात पुन्हा करावं लागतं, नाहीतर पोपडे निघतात. मी कोणाला करू दिलं नाही. सून आली होती, ती बादली घेऊन बसली तर मी तिच्यावर ओरडलो. पडवीला आडवी दोरी बांधली आणि वर्षभर मागच्या दाराने येऊन-जाऊन राहिलो. गाव म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं असेल.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा कल्याणहून मुलाचा फोन आला. "बाबा, माणसं येतील, बसवायची कुठं? लादी टाकून घेऊ. गुरुवारी लादीवाले येतील." त्याचं चुकीचं नव्हतं. जमिनीची धूळ होत होती. मी हो म्हटलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

किसनला कळलं तसा तो आला. दोरीच्या अलीकडे उभा राहून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उचलू."

"काय उचलू?"

"जमीन. मुंबईला भिंतीवरचं चित्र अख्खं उचलून दुसऱ्या दालनात नेलेलं मी बघितलंय. साहेब लोकांनी कापड लावलं, अन् उचललं."

आम्ही दाराआडची वीतभर जागा घेतली. त्याने खळ लावून जुनं धोतर चिकटवलं, वाळवलं, आणि खालून फावडं सारलं. धोतर वर आलं. जमीन खालीच राहिली, तिचा भुगा होऊन. किसनने भुगा ओंजळीत घेतला आणि मला म्हणाला, "माफ कर रे." तीस-चाळीस वर्षांच्या शेजारात तो मला पहिल्यांदा असं काही बोलला.

"मग असं करू," तो म्हणाला. "ती येऊ शकत नाय तर आपण जाऊ. दालन इथंच."

मी म्हटलं, कर काय करायचं ते, पण एक अट. कोणी हात लावायचा नाय.

त्याचं तोंड उतरलं. त्याच्या सगळ्या धंद्यावरच मी पाणी ओतलं होतं. पण तो गेला आणि फाट्यावर लिहून आला, 'जनाबाईंची पडवी. मंगळवार, बुधवार. त्यानंतर बघायला मिळणार नाही.'

मंगळवारी सकाळी दहाला तो बटणं लावून माझ्या दारात हजर. दुपारपर्यंत कुत्रं फिरकलं नाही. मला बरंच वाटलं. मग रानातली कामं आटोपून बाया यायला लागल्या, कोणी डोक्यावर मोळी घेऊन, कोणी कडेवर नात घेऊन. किसनने मोळ्या ठेवून घेतल्या आणि बिल्ले दिले. दोरीला हात गेला की त्याचा आवाज यायचा, "हात लावू नका." असा पक्का, असा जड आवाज की एका बाईने डोक्यावर पदर घेतला. एवढं चांगलं वाक्य या माणसाने गोठ्यात कुजवलं होतं.

बाया बसल्या आणि वाचायला लागल्या. हो, वाचायलाच. मला तोवर माहीत नव्हतं की सारवण वाचता येतं.

आमच्या गावची सगळ्यात म्हातारी येसूवहिनी पुढे वाकून म्हणाली, "डावरी ना गो जनी. बघा, कमानी सगळ्या उलट्या."

"जेवायची उजव्यानं," मी म्हटलं.

"जेवायला आईनं मारून शिकवलं असल. सारवताना कोण बघतंय?"

दुसरी म्हणाली, "हात किती सारखा बघ. नायतर आमची भिमी. म्हशीनं शेपटी मारल्यागत."

"तुझी तरी काय, अर्धं घर सारवून उठतेस. चुलीमागं कोण बघतंय म्हणून."

"चुलीमागं तू कशाला गेलीस गो?"

हसल्या सगळ्या. चाळीसच्या वर वर्षं मी जनीच्या सारवलेल्या जमिनीवर जेवलो, झोपलो. कमानी उलट्या आहेत हे मला लोकांच्या बायांनी सांगितलं.

बुधवारी गर्दी जास्त झाली. पाच वाजले. किसनच्या हातात घंटा होती, पण वाजली नाही. तो येसूवहिनीजवळ उकिडवा बसला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "आमच्या पारूचा हात कसा होता?"

पारू त्याची बायको. तो मुंबईत ड्युटीवर असतानाच ती इथे वारली, त्याला पोचायला उशीर झाला. वर्षाला शिमग्याचे चार दिवस, गणपतीचे पाच, एवढाच त्यांचा संसार. तो रिटायर होऊन आला तोवर भावाने घर पाडून नवं बांधलं होतं. गावातल्या प्रत्येक घराची वस्तू त्याच्या गोठ्यात आहे. पारूची एकही नाही. हे माझ्या तेव्हा, तिथे बसल्यावर लक्षात आलं. शेजारी असून.

"पारूचा?" येसूवहिनीने हवेत हात फिरवला. "असा. अन् मग असा."

"हवेत मला काय दिसतंय?" किसन म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "मी घरी यायचो तेव्हा ती नुकतं सारवून ठेवायची. मी वरून चालत जायचो. बघितलंच नाय कधी."

मी उठलो, गाईमागून शेण आणलं, बादलीत पाणी घेतलं, कालवलं, आणि दोरी सोडली.

"वहिनी, इथं काढ." मी खांबाजवळचा कोपरा दाखवला.

"ही जनीची हाय, गोमा."

"असू दे. काढ."

येसूवहिनीने पदर खोचला, हात बुडवला आणि जनीच्या कमानींवरून फिरवला. पारूच्या कमानी नव्हत्याच. सरळ ओढ, आतून बाहेर, लांबच लांब, आणि प्रत्येक ओढीच्या शेवटी अंगठ्याचा एक ठसा.

"हा अंगठा कशाला?" किसनने विचारलं.

"कोण जाणे. आमी हसायचो तिला. म्हणायची, सही करतेय."

"अजून एक काढ."

तिने पाच ओढी काढल्या. मग चुली पेटवायची वेळ झाली तशा बाया बिल्ले परत करून, मोळ्या घेऊन गेल्या. कोपरा वाळेपर्यंत किसन हलला नाही. मी दोन कप चहा टाकला, त्याने त्याचा गार करून घेतला.

गुरुवारी लादीवाले आले. कुठून सुरू करू म्हणाले. मी म्हटलं, दारापासून करा, खांबाजवळचं शेवटी. दुपारपर्यंत ते खांबापाशी पोचले. किसन तिथे बसलेला होता, खाकी शर्ट घालून.

लादीवाला म्हणाला, "बाबा, सरकता का जरा?"

किसनने अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

"घ्या," तो म्हणाला. "माझं बघून झालं."